उन्हाळी वावरातून लिंक्सवर: समुद्रकाठच्या गोल्फची तयारी

समुद्रकाठच्या लिंक्स कोर्सचा फोटो आपल्या गावात कुणालाही दाखवा. "हे तं पडीक वावर दिसून राहिलं, खेळतेत कुठं?" असंच विचारतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. झाडं जवळपास नाहीत, शोभेची तळी नाहीत, कोरड्या उन्हाळ्यात गवत पिवळं पडलेलं, जमीन उंचसखल आणि मध्येच माणूस अर्धा दिसेनासा होईल असे वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर. टीव्हीवर अमेरिकेतला हिरवागार गोल्फ पाहिलेल्याला हा प्रकार अगदीच उजाड वाटतो. पण स्कॉटलंडमध्ये हा खेळ वाढला तो अशाच जमिनीवर, आणि भले भले खेळाडू आजही इथेच रडकुंडीला येतात.

ज्यांनी लष्करी छावणीच्या किंवा शहरातल्या कोर्सवर थोडाफार गोल्फ खेळला आहे, आणि मुलगी एडिनबरोला शिकते किंवा भाचा डब्लिनला नोकरीला आहे म्हणून आता तिकडे जाणं होणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं सरळ आहे. लिंक्सवरचा गोल्फ हवेतून कमी आणि जमिनीवरून जास्त खेळायचा असतो. आणि टणक, कोरडी, वाऱ्याची जमीन आपल्याकडे फाल्गुनापासून मृगापर्यंत फुकट पडलेली असते. पाणी पाजून मऊ ठेवलेल्या फेअरवेवर (होलाकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) जे शिकता येत नाही, ते यवतमाळ-वाशीमच्या बरडावर शिकता येतं.

जमीन आधी समजून घ्या

समुद्र आणि शेती यांच्या मधला वाळूचा पट्टा म्हणजे लिंक्स. पीक घेण्यासारखी ही जमीन नव्हती, म्हणून तिथे मेंढ्या चरायच्या आणि लोक खेळायचे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ब्रोरा नावाचा कोर्स आहे. तिथे तर मेंढ्या आणि गाई वर्षानुवर्षं फेअरवेवर चरत आल्या आहेत, आणि जनावरं ग्रीनवर (होलाभोवतीच्या गुळगुळीत भागावर) येऊ नयेत म्हणून भोवती विजेची तार लावलेली असायची. रानडुकरांपायी वावराला झटका मशीन लावणाऱ्या आपल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

खाली वाळू असल्यामुळे पाऊस पडला तरी पाणी मुरून जातं. वर फेस्क्यू जातीचं बारीक, चिवट गवत असतं, मुळाशी घट्ट. त्यामुळे जमीन टणक राहते आणि चेंडू पडला की थांबत नाही. तीस-चाळीस मीटर पळणं ही रोजची गोष्ट. वाटेत उंचवटा लागला तर भलतीकडे वळतो, उतार लागला तर बंकरमध्ये जाऊन बसतो. म्हणून चेंडू पडतो कुठे यापेक्षा थांबतो कुठे, हे आधी बघायचं.

स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला २००९ च्या ओपनमध्ये (ब्रिटनमधली गोल्फची मोठी स्पर्धा) खेळाडू टॉम वॉटसन ५९ वर्षांचा होता. शेवटच्या होलवर पार (होलासाठी ठरलेले मार) केला असता तर जिंकला असता. त्याने आठ नंबरच्या आयर्नने (लोखंडी तोंडाच्या क्लबने) ग्रीनकडे मारलेला फटका चांगला बसला होता. पण चेंडू ग्रीनवर पडला, पळत सुटला आणि मागून खाली उतरला. बोगी (पारपेक्षा एक मार जास्त) झाली, बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये स्ट्युअर्ट सिंक जिंकला. एवढ्या मुरलेल्या माणसाला जमिनीने असं फसवलं, तर आपली काय कथा.

सरावाची जागा

काळ्या कन्हारीच्या नादी लागू नका. एप्रिलमध्ये तिला भेगा पडतात, चेंडू भेगेत गेला की गेला. आणि भेगेत हात घालणं शहाणपणाचं नाही, विंचू असतो. मुरमाड बरड किंवा चराईचा ई-क्लासचा तुकडा उत्तम. ई-क्लास असेल तर ग्रामपंचायतीत सांगून ठेवा. कुणाचं वावर असेल तर मालकाला विचारा, आणि पऱ्हाटी उपटल्यानंतर नांगरटीच्या आधी जेवढे दिवस मिळतील तेवढे घ्या. नांगर फिरला की ढेकळांत काहीच होत नाही.

तीन होल पुरेत. एक साठ मीटरचं, एक सव्वाशेचं, एक दोनशेचं. तिन्ही एकाच दिशेने आखू नका. एक वाऱ्याच्या तोंडाशी, एक वाऱ्याच्या पाठीशी आणि एक आडवं ठेवा. ग्रीनसाठी आठ-दहा पावलांचा गोल दगड वेचून झाडून घ्या, पाणी शिंपून धुम्मसाने चोपा, वर चाळलेल्या वाळूचा पातळ थर द्या. आपल्या देशातल्या जुन्या छावण्यांत, जिथे गवताला पाणी नव्हतं, तिथे असेच 'ब्राउन' असायचे: वाळूत तेल मिसळून दाबलेले. त्यावर पटरने (चेंडू जमिनीवरून घरंगळवायच्या क्लबने) चेंडू सरळ जातो आणि वेगही बऱ्यापैकी मिळतो. गोल्फच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. शेतातल्या पाइपलाइनचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी तुकडा घरात पडलेला असतोच, तो वीतभर कापून जमिनीत पुरला की काम झालं. झेंड्याला लांब तुराटी आणि जुन्या दुपट्ट्याची पट्टी.

गोल्फच्या चेंडूचं वजन जेमतेम ४६ ग्रॅम असतं, पण लागला तर डोळा जातो. पुढे गुराखी, सरपण वेचणाऱ्या बाया, शाळेची पोरं कुणीही असलं तर मारायचं नाही. चेंडू माणसांकडे गेलाच तर "फोर!" असं ओरडण्याचा खेळातला रिवाज आहे. आपल्याकडे "ओ भाऊ, डोकं सांभाळा!" ओरडलेलं जास्त उपयोगी. धुऱ्याच्या गवतात चेंडू गेला तर आधी काठीने गवत हलवा, मग हात घाला.

वेळ सकाळी आठ ते दहाची. तोवर वारा सुटलेला असतो आणि ऊन सोसण्यासारखं असतं. नवतप्यात सरळ सुट्टी घ्या.

सामान

नवा सेट या जमिनीवर काढू नका. मुरमाचे खडे आयर्नच्या तोंडाची पार वाट लावतात. सेकंडहँड पाच, सात आणि नऊ नंबरचं आयर्न, एक सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा क्लब) आणि एक पटर एवढं पुरे. नियमाने बॅगेत १४ क्लब चालतात, पण लिंक्सवर एकाच क्लबने चार तऱ्हेचे फटके मारता येणं जास्त कामाचं. चेंडू केशरी किंवा गर्द पिवळे घ्या. पांढरा चेंडू उन्हातल्या मुरमात दिसत नाही.

चेंडू खाली ठेवायला शिका

पहिला महिना फक्त एक फटका घोटा. सात नंबरचं आयर्न घ्या. नेहमीपेक्षा दोन बोटं खाली धरा. चेंडू दोन्ही पायांच्या मधोमध किंवा किंचित उजव्या पायाकडे ठेवा (डावखुऱ्यांनी उलट समजून घ्यावं). अंगाचा भार सुरुवातीपासूनच डाव्या पायावर, हात चेंडूच्या थोडे पुढे. क्लब मागे खांद्यापर्यंतच न्या आणि मारल्यावर हात छातीच्या उंचीला थांबवा. शेवटी क्लब गळ्यात गुंडाळल्यासारखा फिरला तर चेंडू वर चढला असं समजा.

बरड जमीन इथे चांगली मास्तरीण आहे. चेंडूच्या आधी जमिनीला लागलात तर टणक मुरमावरून क्लब उसळतो, चेंडूच्या डोक्यावर लागतो आणि मनगटाला झिणझिण्या येतात. मऊ हिरवळीवर ही चूक झाकली जाते. चेंडू कसाबसा जातोच. लिंक्सवर ती उघडी पडते. आधी चेंडू, मग जमीन, हे इथे अंगात भिनलं की तिकडच्या टणक फेअरवेची धास्ती राहत नाही.

साठ मीटरच्या होलवर दहा चेंडू असे मारा की प्रत्येक चेंडू ग्रीनच्या वीस मीटर अलीकडे पडेल आणि पळत वर जाईल. मग नऊ नंबरने तेच, मग पाच नंबरने. पाच नंबरचा चेंडू लवकर टेकतो आणि लांब पळतो, नऊचा उशिरा टेकतो आणि लवकर थांबतो. कुठे टेकला आणि कुठे थांबला, दोन्ही जागी काडी रोवून ठेवा. आठवड्याभरात तुमच्या हाताचं गणित तुम्हाला कळायला लागतं. गोल्फवाले या फटक्याला बंप अँड रन म्हणतात. लिंक्सवर पोट भरतं ते याच फटक्यावर.

वारा

खळ्यात उफणणी करणाऱ्या बाईला वारा विचारावा लागत नाही. सुपातून पहिली ओंजळ सोडताच भुसा किती लांब जातो ते बघून ती पायांची जागा बदलते. लिंक्सवर हेच करायचं आहे: चिमूटभर गवत सोडायचं, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. गवत तुमच्या कमरेजवळचा वारा सांगतं. चेंडू जाणार वीस-पंचवीस मीटर वरून. ग्रीनवरचा झेंडा बघा, ढग कुठे सरकतात ते बघा, पुढच्या टोळीचे चेंडू कुठे वळतात ते बघा. टीवर (होलाचा पहिला फटका मारायच्या जागी) तुम्ही टेकाडाच्या आडोशाला असता आणि चेंडू टेकाडाच्या वर गेला की वाऱ्यात सापडतो, ही फसगत फार होते.

समोरून वारा असला की नवखा माणूस जोर लावतो. इथेच तो बुडतो. जोराने मारलेल्या चेंडूला उलटी फिरकी जास्त बसते, समोरचा वारा त्या फिरकीला वर उचलतो आणि चेंडू उंच चढून जागच्या जागी खाली येतो. उपाय उलटा आहे: मोठा, म्हणजे कमी नंबरचा, क्लब घ्या आणि हळू मारा. ढोबळ हिशोब असा की समोरून साधारण पंधरा किलोमीटर वेगाचा वारा असला तर एक क्लब वाढवा, तीसचा असला तर दोन-तीन. पाठीमागून वारा आला की तेवढीच मदत होईल असं धरू नका. समोरचा वारा जेवढं हिरावून घेतो, तेवढं पाठचा देत नाही. शिवाय पाठवाऱ्यात चेंडूची फिरकी कामाला येत नाही, ग्रीनवर तो थांबतच नाही. तेव्हा ग्रीनच्या बरंच अलीकडे टाका.

आडव्या वाऱ्याशी भांडू नका. वारा डावीकडून येत असेल तर डावीकडे निशाणा धरून चेंडू वाऱ्यावर सोडून द्या. वाऱ्याच्या विरुद्ध वळवून चेंडू सरळ ठेवण्याचा फटका चांगल्या खेळाडूंचा, आपला नव्हे.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्ससारखे जुने कोर्स साधारण एका दिशेने जातात आणि त्याच वाटेने परत येतात. म्हणजे जाताना वारा पाठीशी असेल तर येताना सगळे होल तोंडावर वारा. पहिल्या नऊ होलांचा स्कोअर बघून खूश होऊ नका, निराशही होऊ नका. आणि वारा किती असू शकतो, तर २०१५ च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला शनिवारी दहा तासांहून अधिक खेळ थांबवावा लागला होता, कारण ग्रीनवर ठेवलेले चेंडू वाऱ्याने हलत होते. यासाठी नियमही माहीत असू द्या: ग्रीनवर तुम्ही खूण ठेवून चेंडू उचलला आणि परत ठेवला, त्यानंतर वाऱ्याने हलला तर तो मूळ जागी परत ठेवायचा. एकदाही उचलला नसेल तर जिथे जाऊन थांबला तिथून खेळायचा. दंड दोन्हीकडे नाही.

आणखी एक. आपल्याकडे चाळीस अंशांत सात नंबरने चेंडू जिथे जातो, तिथे स्कॉटलंडच्या बारा अंशांत जाणार नाही. गार हवा दाट असते, गार चेंडू कमी उसळतो आणि अंगावर तीन कपडे असतात. वारा नसला तरी एक क्लब वाढवूनच धरा.

ग्रीनच्या आसपास पटरच काढा

ग्रीनच्या बाहेर पंधरा-वीस मीटरवर चेंडू असला, मधलं गवत आखूड असलं, तर वेजला हात लावू नका. पटर काढा. दिसायला अडाणी वाटतं, पण तिथले म्हातारे खेळाडू हेच करतात आणि तुमच्या-आमच्यापेक्षा कमी मारात घरी जातात. पटरचा वाईट फटकाही होलाच्या आसपास कुठेतरी येतो; वेजचा वाईट फटका ग्रीनच्या पलीकडल्या बंकरमध्ये जातो. बरडावर चोपलेल्या ग्रीनच्या बाहेरून, खडबडीतून, पटरने मारायची सवय करा. किती जोर लागतो हे सांगून कळत नाही, मारूनच कळतं.

ओल्ड कोर्सवर सात ग्रीन जोडीचे आहेत: एका ग्रीनवर दोन होल, जाणारं आणि येणारं. दोन्ही होलांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते, म्हणजे दुसऱ्याचा जोडीदार सोळावं, पाचव्याचा तेरावं. हे ग्रीन इतके मोठे असतात की तीस-चाळीस मीटरचा पट (पटरचा फटका) करावा लागतो. नवख्यांची गंमत म्हणजे लांबून चुकीच्या झेंड्याकडे मारणं. बेरीज लक्षात ठेवा.

बंकर: आधी बाहेर या

लिंक्सवरचे बंकर लहान आणि खोल असतात. समोरची भिंत गवताच्या मातीसकट कापलेल्या पट्ट्या एकावर एक रचून बांधलेली, जवळपास उभी. आजूबाजूची जमीन अशी उतरती असते की जवळून जाणारा चेंडू आत ओढला जातो. ओल्ड कोर्सवर असे ११२ बंकर आहेत. टायगर वूड्सने २००० ची ओपन तिथे जिंकली तेव्हा चारही दिवसांत तो एकाही बंकरमध्ये गेला नाही. याउलट १९७८ मध्ये जपानचा नाकाजिमा सतराव्या होलवर ग्रीनवरून पट करत असताना चेंडू शेजारच्या रोड बंकरमध्ये गेला, तो बाहेर काढता काढता त्या एका होलवर नऊ मार झाले.

सरावासाठी उन्हाळ्यातली नदी. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा, जी जवळ असेल तिच्या पात्रात वाळू उघडी पडते. वाळूउपशाच्या खड्ड्यांपासून आणि डोहापासून लांब, पक्की जागा बघा. युरियाची रिकामी पोती वाळूने भरून एकावर एक पाच थर रचा, कमरेइतकी भिंत झाली पाहिजे. भिंतीपासून दोन पावलांवर चेंडू ठेवा.

सँड वेजचं तोंड आकाशाकडे उघडा, मग धरा. आधी धरून मनगट वळवू नका. पाय रुंद, गुडघे वाकलेले, टाचा वाळूत रुतवलेल्या. चेंडूच्या मागे चार-पाच सेंटिमीटरवर बोटाने रेघ ओढा. सरावात चालतं, खेळात नाही. आता चेंडूकडे बघूच नका. रेघेवर क्लब मारा आणि थांबू नका, पूर्ण फिरवा. वाळू उडते आणि तिच्यासोबत चेंडू. मारून झाल्यावर खाली वाका आणि खूण पाहा. वाळूतला ओरखडा रेघेपासून सुरू झाला असेल आणि वितीएवढा लांब, पानासारखा उथळ असेल तर बरोबर. रेघेच्या मागून सुरू झाला तर चेंडू पोत्यावर आपटलेला असेल. रेघेच्या पुढे सुरू झाला तर तो नदीपार गेलेला असेल, शोधू नका.

आता चेंडू भिंतीला खेटून ठेवा आणि पुढे मारून बघा. दहापैकी किती निघाले? म्हणूनच खऱ्या कोर्सवर अशा वेळी आडवं किंवा चक्क मागे मारायचं. मान खाली जाते, एक मार वाया जातो, पण पाच वाचतात. तेही शक्य नसेल तर चेंडू खेळण्यालायक नाही असं जाहीर करता येतं: एक मार दंड घेऊन बंकरमध्येच टाकायचा, किंवा दोन मार दंड घेऊन, झेंडा आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे, बंकरबाहेर. खेळताना चेंडूच्या मागे-पुढे क्लब टेकवायचा नाही आणि सरावाचा झोका वाळूला लावायचा नाही. दोन मार दंड आहे. वाळूतला दगड, काडी मात्र २०१९ पासून काढता येते. निघताना वाळू रेकने सारखी करा. हे विसरलात तर मागचा माणूस काही बोलणार नाही, पण लक्षात ठेवेल.

न दिसणारे फटके आणि काटे

काही होलांवर ग्रीन दिसतच नाही, मध्ये टेकाड असतं. प्रेस्टविकला, जिथे १८६० मध्ये पहिली ओपन झाली, पाचव्या होलाचं नावच 'हिमालय' आहे. टेकाडावर रंगीत गोल खुणा लावलेल्या असतात. त्या धरून मारायचं, पलीकडे पोचल्यावर चेंडू खेळून झाला की घंटा वाजवायची, म्हणजे मागच्यांनी मारावं. सेंट अँड्र्यूजच्या सतराव्यावर टीचा फटका चक्क हॉटेलच्या शेडवरून मारावा लागतो. कॅडी (क्लबची बॅग उचलणारा, वाट सांगणारा) "शेडवरच्या त्या अक्षरावरून मार" म्हणाला तर तिथूनच मारा, स्वतःचं डोकं लावू नका.

फेअरवेच्या बाहेर गोर्स नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप असतं. बाभळीत शिरण्याची सवय असली तरी त्यात शिरू नका. चेंडू शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात. हरवेल अशी शंका आली की निघण्याआधीच "प्रोव्हिजनल" असं स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारून ठेवा, परत मागे यावं लागत नाही. पांढऱ्या खुंट्यांच्या बाहेर गेला तर एक मार दंड आणि पुन्हा मूळ जागेवरून. लाल खुंट्यांच्या आत गेला तर एक मार दंड देऊन, जिथून आत शिरला तिथून दोन क्लबांच्या अंतरात टाकता येतो. चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा.

मोजायचं कसं

पहिल्या खेपेला एकूण मार मोजत बसलात तर सहाव्या होलाला घरी जावंसं वाटेल. स्टेबलफर्ड पद्धतीने मोजा. तुमच्या हँडिकॅपच्या (वकुबाप्रमाणे मिळणाऱ्या मारांच्या सुटीच्या) हिशोबाने पार झाला तर दोन गुण, एक मार जास्त लागला तर एक, त्याहून जास्त तर शून्य, चेंडू उचला आणि पुढे चला. ही पद्धत डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड यांनी काढली आणि १९३२ मध्ये इंग्लंडच्या वॉलसी इथल्या लिंक्सवर तिची स्पर्धा झाली. वाऱ्यात लांबचं होल दोन मारांत गाठता येईना, हीच त्यांची अडचण होती. एका होलाने सगळा दिवस नासू नये, एवढा साधा विचार.

कुठून सुरुवात करायची

सेंट अँड्र्यूजला बरेच सार्वजनिक कोर्स आहेत: ओल्ड, न्यू, ज्युबिली, ईडन, स्ट्रॅथटायरम, बॅलगोव्ह आणि कॅसल. ('न्यू' १८९५ चा आहे, तिकडे नवं म्हणजे एवढं.) नवख्याने ओल्डचा हट्ट धरू नये. तिथे हँडिकॅपचा दाखला लागतो, फी भारी आहे, आणि दोन दिवस आधी सोडतीत नाव घालून नंबर लागेल तर लागेल. तुम्ही बॅलगोव्हने सुरुवात करा: नऊच होल, शिकणाऱ्यांसाठी आणि घरच्या मंडळींसाठीच ठेवलेला, तरी जमीन आणि वारा तोच. मग स्ट्रॅथटायरम किंवा ईडन. आणि शेजारीच 'हिमालय' नावाचंच एक मोठं, भरपूर चढउतारांचं पटिंगचं मैदान आहे, १८६७ पासून चालत आलेल्या तिथल्या महिला मंडळाचं. थोडक्या पैशांत कुणालाही खेळता येतं. सोबत आलेल्या, गोल्फचा गंध नसलेल्या वहिनी-काकूंनाही न्या. त्या जिंकल्या तर आश्चर्य मानू नका. रविवारी ओल्ड कोर्स खेळाला बंद असतो, गावातले लोक त्यावरून कुत्री घेऊन फिरतात. तुम्हीही फुकट फिरून या आणि बंकरमध्ये उभं राहून खोली बघा.

हँडिकॅप हवाच असेल तर इंडियन गोल्फ युनियनशी जोडलेल्या जवळच्या क्लबात चौकशी करा, आणि जायच्या बरेच महिने आधी करा. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे आणि ५४ पर्यंतचा हँडिकॅप मिळतो, म्हणजे अगदी कच्च्या खेळाडूलाही.

जून-जुलैत तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो. दुपारनंतरच्या वेळा बऱ्याच ठिकाणी स्वस्त मिळतात, त्या विचारा. बहुतेक ठिकाणी पायीच खेळायचं असतं, अठरा होलांत आठ-दहा किलोमीटर चाल होते. चार तासांच्या आसपास संपवण्याची अपेक्षा असते. मागे टोळी खोळंबली तर बाजूला होऊन हात करा, त्यांना जाऊ द्या.

कपड्यांबाबत एवढंच: छत्री वाऱ्यात उलटी होते, नेऊ नका. पावसाळी जॅकेट आणि पँट, दोन्ही हातांचे पावसाळी मोजे, लोकरीची टोपी, एक जादा पायमोजा. एकाच फेरीत ऊन, पाऊस आणि थंडी सगळं भेटतं. खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवा, कारण मधे काही मिळेलच असं नाही, आणि मिळालं तर शाकाहारी असेलच असं नाही.

क्लब इथून न्यायचे का? मी म्हणेन, नको. विमानाचं जादा सामान आणि मोडतोडीची भीती यापेक्षा तिथे भाड्याने घेतलेले परवडतात, बहुतेक कोर्सवर मिळतात. बूट आणि हातमोजा आपला न्या, आणि पटरही. मोठ्या सुटकेसमध्ये तो तिरपा बसतो. हातातल्या सामानात मात्र ठेवू नका, तपासणीत काढून घेतील.